बागेला दिलेला ताण

मी भित्री आहे, हे आमच्या घरात सर्वमान्य आहे. लिफ्ट अडकेल, गॅस चालू राहिला असेल, बंगळुरूला नोकरी करणारी मुलगी फोन उचलत नाही म्हणजे नक्कीच काहीतरी झालं असेल, असलं काहीतरी माझ्या डोक्यात सतत शिजत असतं. नवरा म्हणतो, "तू चुकीच्या मिनिस्ट्रीत आहेस यार, तुला आपत्ती व्यवस्थापनात घ्यायला हवं होतं." इतकी वर्षं भिऊन मला एक कळलं होतं, की ज्या गोष्टींना मी भिते त्या सहसा होत नाहीत. त्यामुळे स्वतःच्या भीतीकडे थोडं हसून बघायचीही सवय झाली होती. गेल्या वर्षभरात ती सवय पार मोडली.

होळी झाल्यावर माझ्या चुलतभावाचा मुलगा आमच्याकडे राहायला आला, तिथून हे सुरू झालं. चुलतभावाला मी दादा म्हणते. सख्खा भाऊ मला नाही, त्यामुळे जो काही भाऊ आहे तो हाच.

माझं सगळं आयुष्य दिल्लीतलं. वडील विदर्भातली शेती मोठ्या भावावर सोपवून केंद्र सरकारच्या नोकरीत आले. मी सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढले आणि आता मयूर विहारच्या एका सोसायटीत सातव्या मजल्यावर राहते. गावाकडची बाग म्हणजे माझ्या लेखी दर हिवाळ्यात रेल्वेने येणारी संत्र्यांची पेटी. पेटी फोडली की आतल्या गवताचा आणि संत्र्यांचा वास दोन्ही खोल्यांत भरून जायचा. आई शेजारच्या पंजाबी काकूंना त्यातला वाटा पाठवायची आणि वडील दिवसभर खुशीत असायचे. काकांनंतर बाग दादाकडे आली. अठरा एकर. मला हा आकडा लहानपणापासून अफाट वाटायचा, कारण दिल्लीत अठरा एकर म्हणजे आमच्यासारख्या कितीतरी सोसायट्या झाल्या. हा आकडाच बागेच्या मुळावर येणार आहे, हे कळायला मला फार उशीर लागला.

दादा फोनवर सांगायचा ते असं. दोन-तीन एकरवाला घरच्या घरी भागवतो. नवरा-बायको राबतात, उरलेल्या वेळात दुसऱ्याकडे कामाला जातात. शंभर एकरवाल्याकडे ट्रॅक्टर असतात, थंड गोदाम असतं, माणसं ठेवायची ताकद असते. "आम्ही मधले, बाई. घरच्या हातांना झेपत नाही, अन् माणूस ठेवावा तर मिळत नाही. मिळाला तर दुसऱ्या दिवशी येत नाही." त्याच्या आजूबाजूचे असे मधले एकेक करून उठले. कुणी बाग काढून सोयाबीन पेरलं, कुणी जमीन मोठ्याला कसायला देऊन नागपूरला फ्लॅट घेतला. मुलं तर त्याआधीच निघून गेलेली. भाचा आला तेव्हा पहिल्याच संध्याकाळी म्हणाला होता, "शिवारात माझ्या वयाचा मी एकटा आहे आत्या. बॅट आहे घरी, पण बॉल टाकायला कोणी नाही." तो हसत म्हणाला आणि मीही हसले.

त्याने कृषीची पदवी घेतली होती आणि त्याला शेतीच करायची होती. जुनी झाडं टप्प्याटप्प्याने काढायची, नवी कमी अंतरावर लावायची, पाण्याच्या नळ्या अंथरायच्या, असं सगळं त्याच्या डोक्यात पक्कं होतं. दादाला ते ऐकायचंही नव्हतं. त्याचं म्हणणं एकच, तू इथे राहिलास तर माझ्यासारखा होशील. त्यात मुली बघण्याचे दोन कार्यक्रम झाले आणि दोन्ही ठिकाणी मुलगा गावात राहून शेती करतो म्हटल्यावर मंडळी अर्धा चहा टाकून उठली. त्यांना जमीन हवी होती, फक्त ती कसणारा जावई नको होता. दुसऱ्या वेळी पाहुणे गेल्यावर बाप-लेकांचं जोरात वाजलं. दादा म्हणाला, एक वर्ष बाहेर राहून दाखव, मग बोलू. पोरगा बॅग भरून निघाला आणि तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. निरोप जायचे ते वहिनीकडून नाहीतर माझ्याकडून.

दिल्लीत त्याला काम मिळालं तेही फळांचंच. गाझीपूरच्या मंडीच्या बाजूला, ऑनलाइन भाजी-फळं विकणाऱ्या एका कंपनीच्या गोदामात तो माल तपासायचा. समोरच्या लांब टेबलावर क्रेट उलटे व्हायचे आणि हा अंगठ्याने दाबून चांगलं-वाईट वेगळं करायचा. मंडीशेजारच्या कचऱ्याच्या डोंगराचा वास कपड्यांना घेऊन घरी यायचा आणि आधी आंघोळीला पळायचा. "दिवसभर दुसऱ्यांची फळं दाबतो," म्हणायचा. मला ते गमतीचं वाटायचं.

आला त्याच आठवड्यात मी त्याला जेवताना विचारलं, "तुझ्यावर फार ताण आहे का रे?" आमच्या ऑफिसात नुकतंच ताणतणावावर एक शिबिर झालं होतं आणि मी त्यातलं ज्ञान पाजळायला टपलेच होते. पोरगा घास हातात धरून हसला.

"आमच्याकडे ताण येत नाही आत्या. आमच्याकडे ताण देतात."

मग त्याने समजावून सांगितलं. संत्र्याचं झाड मजेत हिरवंगार असेल तर त्याला फुलायचं काही कारणच नसतं. म्हणून थंडीत त्याचं पाणी बंद करतात. पानं मलूल होतात, झाड घाबरतं. मग योग्य वेळ बघून पुन्हा पाणी द्यायचं. त्याला ताण तोडणं म्हणतात. ताण तुटला की घाबरलेलं झाड फुलांनी भरून जातं आणि त्या फुलांचीच पुढे संत्री होतात.

"आणि वेळेवर नाही तोडला तर?" मी विचारलं. माझ्या डोक्यात दुसरा प्रश्न येणंच शक्य नव्हतं.

"तर वाळतं."

"मग इतका धोका कशाला घ्यायचा?"

"फळ पाहिजे न आत्या," तो म्हणाला. मग म्हणाला, "बाबांनी मलाही ताणच दिलाय. पाणी बंद करून दिल्लीला उभं केलंय. आता बघायचं, फुलतो की वाळतो."

आम्ही तिघंही खूप हसलो. तो शब्द आमच्या घरात असा काही रुजला की विचारू नका. नवऱ्याची फाइल वरच्या साहेबाने अडकवली की तो घरी येऊन म्हणायचा, "मला ताण दिला आहे, आता एक-दोन दिवसांत बिल्कुल फूल येणार." मी कामवालीच्या सुट्टीला ताण म्हणायचे. आणि दादाचा निरोप काय आला असं पोराने विचारलं की मी म्हणायचे, "ताण चालू आहे." तोही म्हणायचा, "चालू द्या."

उन्हाळा-पावसाळा बरा गेला. रविवारी तो मेट्रोने थेट पलीकडच्या टोकाला जायचा आणि हिंदूराव हॉस्पिटलच्या बाजूला रिजवर, म्हणजे तिथल्या जंगलाच्या टेकडीवर, फिरून यायचा. इंडिया गेट नाही, मॉल नाही, थेट रिजच. मी विचारलं, तिथे काय आहे एवढं? म्हणाला, "झाडं आहेत. त्यांना कोणी पाणी देत नाही तरी हिरवी आहेत. बरं वाटतं पाहून." दिवाळीला घरी जा म्हटलं तर गेला नाही. बाबांनी बोलावलं तर जाईन म्हणाला. बाबांनी बोलावलं नाही. मी फोन करून दादाला टोकलं तर तो म्हणाला, एक वर्ष म्हणजे एक वर्ष.

मग थंडी आली आणि कोपऱ्याकोपऱ्यावर किन्नूच्या रसाच्या गाड्या लागल्या. दिल्लीत हल्ली संत्रं म्हटलं की पंजाबकडून येणारा किन्नूच. गोदामातही तोच. एका संध्याकाळी एक किन्नू माझ्यापुढे धरून पोरगा म्हणाला, "हे संत्रं नाही आत्या. साल बघ, सुटतच नाही. नख घालून ओरबाडावी लागते. आपल्याचं कसं, कपडे काढल्यासारखं साल निघते." मी म्हटलं, "अच्छा, मग आपलं का नाही येत इथे?" त्याने तो किन्नू सोलला, फोडी माझ्यापुढे ठेवल्या आणि उठून गेला. त्यानंतर त्याचं बोलणं आटत गेलं. कामावर जायचा, यायचा, ताटातलं अर्धं टाकायचा. रिजवर जाणंही थांबलं. बोलण्यातून बाग गेली, तो हसून मारायचा तो ताणाचा विनोदही गेला.

संक्रांतीला सकाळी दादाचा फोन आला. तो स्वतःहून कधी फोन करत नाही, म्हणून स्क्रीनवर नाव बघूनच मी घाबरले. पोरगा कामावर गेलेला होता. तिळगुळाचं बोलून झाल्यावर दादा म्हणाला,

"ऐक बाई. यंदा मी ताण तोडणार नाही. ठरवलं आहे. तू पोराच्या कानावर घाल. माझ्यानं त्याच्याशी बोलणं होत नाही."

हे तर आमच्या घरातलंच बोलणं. पोराने ते वहिनीला सांगितलं असेल, वहिनीने दादाला, आणि आता दादा त्याच शब्दात सांगत होता की तो मुलाला परत बोलावणार नाही. वर्ष संपत आलं तरी नाही.

"दादा, असं नको करूस रे. खूप झालं आता. वाळून जाईल."

"वाळू दे."

"अरे, पोराचा तरी विचार कर!"

"पोराचाच विचार करून राहिलो."

"आणि तुला काही वाटणार नाही?"

"वाटते न," दादा म्हणाला. "आता तिकडे पाहतच नाही मी. तोंड फिरवून जातो."

हे शेवटचं वाक्य मला तेव्हाच खटकायला हवं होतं. दिल्लीतल्या मुलाकडे कोण कुठून तोंड फिरवून जाणार? पण मी स्वतःला शहाणी समजत होते. मला वाटलं, माणूस व्याकूळ झाला की असंच बोलतो.

पोरगा संध्याकाळी आला. विचारलं, "बाबा काही बोलले का?" त्याच्याकडे बघितलं आणि माझ्या तोंडून खरं निघेना. गालफडं बसलेली, डोळ्यांखाली काळं. बाप म्हणतोय वाळू दे, हे या मुलाला कसं सांगायचं? "तिळगूळ घ्या म्हणाले," मी म्हटलं. तो "हं" म्हणाला आणि आंघोळीला गेला.

त्यानंतरचे सहा आठवडे मी जशी भ्याले तशी जन्मात भ्याले नव्हते. माझ्या नेहमीच्या भीती बोलक्या असतात. मी त्या नवऱ्याला ऐकवते, तो मला चिडवतो आणि त्यांची धार जाते. ही भीती मी कुणाला सांगितली नाही. पोरगा बाल्कनीत जाऊन उभा राहायचा, कठड्यावर कोपरं टेकून, धुरकट हवेत काहीही दिसत नसताना. मी हातातलं काम टाकून हॉलमध्ये येऊन बसायचे. उगाच बोलायचे, चहा घेतोस का, आत ये, बाहेर प्रदूषण आहे. एक दिवस मी बाल्कनीतल्या सगळ्या कुंड्या कठड्याला लावून रांगेत मांडल्या. तेवढंच मध्ये काहीतरी. नवऱ्याने विचारलं, "हे काय नवीन?" मी म्हटलं, "उन्हासाठी." ऊन तर महिनाभर निघालंच नव्हतं.

ऑफिसातून मी दर तासाला त्याला काहीतरी मेसेज पाठवायचे. दही आणशील का. पार्सल आलंय का. त्याचं "हो" आलं की पुढचा तास जायचा. एकदा दुपारभर उत्तर आलं नाही, तर मी रजा टाकून मेट्रोने घरी आले. गोदामात फोन आत नेऊ देत नव्हते त्या दिवशी, एवढंच झालं होतं. संध्याकाळी तो आला आणि मला दारात उभी बघून म्हणाला, "आत्या, तू लवकर आलीस?" मी म्हटलं डोकं दुखत होतं. खरंच दुखत होतं.

दादाला पुन्हा फोन करावा असं रोज वाटायचं आणि रोज मी घाबरून टाळायचे. त्याने पुन्हा तेच म्हटलं तर? न बोललेलं अजून बदलू शकतं, असं माझं तेव्हाचं तर्कशास्त्र होतं. वहिनीचा एकदा फोन आला. तिने विचारलं, "तुम्ही सांगितलं न त्याला? मग तो काहीच कसा बोलला नाही?" मी म्हटलं, "वहिनी, तो मनातल्या मनात ठेवतो सगळं." पलीकडून नुसता उसासा ऐकू आला.

फेब्रुवारी संपता संपता एका रविवारी चांगलं ऊन पडलं. आम्ही दोघं बाल्कनीत बसलो होतो. नवरा खाली सोसायटीच्या मीटिंगला गेलेला. पोरगा किन्नू सोलत होता आणि सहज सांगावं तसं म्हणाला, "आत्या, कंपनी मला पुढच्या वर्षासाठी ठेवून घेते म्हणते. मी हो म्हणून टाकतो. दुसरी खोली बघतो. तिकडे तसंही माझं कोणाला काही काम नाही."

तो ज्या थंडपणे हे म्हणाला त्याने माझा बांध फुटला. मी रडायलाच लागले. म्हटलं, "असं बोलू नकोस रे. तुझे बाबा म्हणोत काहीही. ते म्हणाले असतील ताण तोडणार नाही, पण मी आहे ना इथे! मी तोडते. मी तुला वाळू देणार नाही."

त्याचे हात थांबले.

"बाबा काय म्हणाले?"

"जाऊ दे ते."

"आत्या, नेमकं काय म्हणाले? त्यांच्या शब्दात सांग."

मी सांगितलं. यंदा ताण तोडणार नाही, ठरवलं आहे. वाळू दे. आता तिकडे बघत नाही, तोंड फिरवून जातो. हे सांगता सांगताच मला कुठेतरी पायाखालची जमीन हलल्यासारखं वाटायला लागलं, कारण पोराचा चेहरा दुखावल्यासारखा होत नव्हता. त्याचा चेहरा पांढराफटक पडत होता.

"कधी म्हणाले?"

"संक्रांतीला."

"आत्या," तो अगदी हळू म्हणाला, "ते बागेचं बोलत होते."

"बागेचं?" मी विचारलं.

"बाबांना असं फिरवून बोलता येत नाही. मी म्हणायचो तो विनोद त्यांना माहीतही नाही. ते झाडांचंच बोलत होते. पाणी देणार नाही म्हणत होते."

त्याने तिथेच वहिनीला फोन लावला. स्पीकरवर होता, त्यामुळे मीही ऐकलं. विहिरीवरची मोटार दिवाळीपासून बंद होती. वहिनी म्हणाली, "तुला तर माहीत आहे न? आत्यांनी सांगितलं म्हणाल्या." मग तिने पुढचं सांगितलं. बाग असेपर्यंत पोरगा परत येत राहणार, म्हणून बागच राहू द्यायची नाही, असं दादाने ठरवलं होतं. कुऱ्हाड लावायला त्याचा हात धजला नाही. पाणी न देणं त्यातल्या त्यात सोपं होतं. पण निरोप पाठवल्यावर तो रोज वाट पाहत होता. पोरगा भांडेल, शिव्या घालेल, निदान एक फोन करेल. "फोन आला असता तर त्यांनी त्याच दिवशी मोटार सुरू केली असती," वहिनी म्हणाली. "तू गप्प राहिलास तर ते म्हणाले, त्यालाही नकोच आहे, चांगलं झालं. अन् मग दोन दिवस जेवले नाहीत."

पोराने फोन ठेवला. माझं मराठी घरातलं आहे, ऑफिसातल्या शिबिरातलं आहे. शेतातला एक शब्द मला कसाबसा मिळाला, तोही विनोद म्हणून, आणि जेव्हा कुणी तो खऱ्या अर्थाने उच्चारला तेव्हा मला तो कळलाच नाही. पोरगा मला लागेल असा एक शब्दही बोलला नाही. अर्ध्या सोललेल्या किन्नूवर त्याने वाटी पालथी घातली, बॅग काढली आणि मिळेल त्या गाडीने जातो म्हणाला. स्टेशनवर जनरल डब्याच्या रेट्यात तो दिसेनासा होईपर्यंत मी त्याच्या पाठीकडे बघत होते. घरी आल्यावर लक्षात आलं की फोनचा चार्जर इथेच राहिलाय. लगेच माझा जीव टांगणीला लागला.

दोन दिवसांनी त्याचा फोन आला. दादा त्याच्याशी काही बोलला नाही म्हणे. मोटारीच्या खोलीची किल्ली खिशातून काढून पोरापुढे ठेवली आणि गोठ्याकडे निघून गेला. पानं गुंडाळली गेली होती, बरीच गळालीही होती. "एकदम पाणी द्यायचं नसते," तो सांगत होता. "आधी हलकं. मग हळूहळू वाढवायचं." विहिरीलाही पाणी फार नव्हतं, त्यामुळे वरच्या अंगाची झाडं त्याने देवावर सोडली होती. त्याचा आवाज दमलेला होता, पण आवाज होता. मी देवापुढे साखर ठेवली.

मग मार्च अर्धा सरल्यावर एका सकाळी, मेट्रोत असताना, त्याने व्हिडिओ पाठवला. सगळी बाग पांढरी झाली होती. एकेक फांदी फुलांनी लगडलेली, खाली मातीवर पाकळ्यांचा सडा, आणि मधमाश्यांचा आवाज असा की माझ्या शेजारच्या बाईने वळून बघितलं. मला रडू आवरेना. ऑफिसात मी दिसेल त्याला तो व्हिडिओ दाखवला. आमच्या सेक्शनमधल्या शर्माजींनी पेढे मागितले, मी आणवले. नवऱ्याने मेसेज पाठवला, "ताण टूट गया! चलो, जान छूटी." इतका हलका दिवस मला कित्येक महिन्यांत मिळाला नव्हता.

संध्याकाळी मी पोराला फोन केला. म्हटलं, "अरे, काय फुललीय बाग! असं मी जन्मात बघितलं नाही."

"मीही नाही," तो म्हणाला. "आत्या, व्हिडिओत पान दिसलं का तुला कुठे?"

मी आठवून बघितलं. पान नव्हतं. नुसती फुलं होती.

"इतकं फूल चांगलं नसते. पानाशिवाय फूल आलं तर फळ धरत नाही, पोसणार कोण त्याला? मरायला टेकलेलं झाड असंच फुलते. जाताना असेल नसेल ते सगळं देऊन टाकते." त्याने हे अगदी साध्या आवाजात सांगितलं. "पण खालची शंभरेक झाडं वाचतील वाटते. पानं फुटली तर वाचली. पाहू."

"आणि तू?"

"मी काय, मी मजेत!" तो म्हणाला, आणि बोलायला लागला. "काल संध्याकाळी बाबांनी बॉल टाकला मला, अंगणात. दोन टाकले अन् कंबर धरून बसले." तो मोठ्याने हसला. वरची मेली तर तिथे नवी लावायची, नळ्यांचं त्याने बाबांशी बोलणं काढलंय, बाबा नाही म्हणाले नाहीत. कंपनीचं जाऊ दे. कुत्रीला पिल्लं झाली आहेत. शेजारचं शेत कसायला मिळालं तर तेही बघायचं. मध्येच आईला हाक मारून काहीतरी सांगितलं, पुन्हा हसला, पुन्हा बोलत सुटला. माझ्या घरात वर्षभर राहून तो जेवढं बोलला नव्हता तेवढं त्या एका फोनवर बोलला. मी हसत होते, हं हं म्हणत होते, आणि माझे हातपाय गार पडत चालले होते.

"वेळेवर जेवतोस ना?" मी विचारलं.

"हो गं आत्या."

"झोपतोस?"

"झोपायला वेळ कुठे आहे?" तो म्हणाला आणि पुन्हा हसला.

"पान फुटलं की फोटो पाठव," मी म्हटलं. "लगेच पाठव. कितीही लहान असलं तरी."

त्यानंतर त्याचे पुष्कळ फोटो आले. पिल्लांचे आले, मोटारीचा आला, खाटेवर बसलेल्या दादाचा आला, फुलांचे तर रोज यायचे. पानाचा अजून आलेला नाही.